डाव्या चाकाचा आवाज

चामराजपेटेत व्यंकोजीअण्णांचं गॅरेज कुठं म्हणून विचारलं तर कुणीही बोट दाखवील, पण तिथं बघण्यासारखं काही नाही. घरापुढं एक पत्रा, पत्र्याखाली एक गाडी मावते. दुसरी आली की तिची मागची बाजू रस्त्यात, आणि मग बसवाले, ऑटोवाले अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जातात. त्या पिढ्या तशा जुन्याच. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर, घोड्यांना नाल ठोकणारे म्हणून हे घराणं इकडं आलं असं अण्णा सांगतात. पुरावा मागू नये. घरात मराठी, दारात कन्नड, आणि गाडीखाली उताणे झोपले की दोन्ही भाषांतल्या शिव्या, असा त्यांचा कारभार.

इंजिनाच्या कामाला लोक दुसरीकडं जातात, पत्र्याच्या कामाला तिसरीकडं. पण गाडी जुनी झालीय, पुढनं कसलातरी आवाज येतोय आणि कुणाला काही उमगत नाहीये असं झालं की अण्णांकडं. अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सोड. जरा पळव." थोडं पुढं गेलं की, "उजवं. फिरव मागं." चाक खोललं की निघालंच म्हणून समजा.

गोष्ट अण्णांची आहेच, पण त्याहून जास्त ती त्यांच्या बायकोची, भाग्यलक्ष्मीची आहे. गल्लीत तिला भाग्यक्का म्हणतात.

भाग्यक्का चौथीपर्यंत शाळेत गेली, तीही शाळा घराला लागून होती म्हणून. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला तिला कुठं फिरवायला सवड नसायची. मग गिऱ्हाइकाची गाडी तपासायला बाहेर काढायची आणि बायकोला मागं बसवायचं, हेच त्यांचं फिरणं. लालबागेपर्यंत जायचे आणि लालबाग न बघता परत यायचे.

"डोळे मीट," अण्णा म्हणायचे. "सांग बघू कुठलं चाक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कान आहेत ना? का देवानं झुमके अडकवायलाच दिलेत?"

नव्या नवरीला नवऱ्यानं काय शिकवावं याचा काही नेम नसतो. तिला हे शिकायला मिळालं. चाकातलं बेअरिंग गेलं की गाडी घुमते, लांबच्या झाडावर मधमाश्यांचं पोळं असावं तशी. वेग वाढला की घुमणं वाढतं. टायरचा आवाजही थोडा तसाच, भल्याभल्यांना फसवतो. पण टायर रस्ता बदलला की सूर बदलतो, डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, त्याला वळण कळतं. गाडी उजवीकडं वळली की सगळा भार डाव्या चाकावर येतो, आणि ते दुखरं असेल तर तेव्हाच ओरडतं. आणि अ‍ॅक्सलचा जोड गेला असेल तर गाडी घुमत नाही. स्टिअरिंग पुरतं वळवून फिरवली की टकटकटक वाजते, म्हातारीच्या गुडघ्यासारखी. भाग्यक्काचे स्वतःचे गुडघे वाजायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "माझे दोन्ही अ‍ॅक्सल गेले बघा." अण्णा दिवसभर हसत होते.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना अण्णांचा डावा कान गेला.

एकदम गेला नाही. आधी फोन उजव्याच कानाला लागायला लागला. मग ताटावर डावीकडनं विचारलेलं "आमटी वाढू?" हवेत जायला लागलं. एकदा मार्केटात डावीकडनं आलेली स्कूटर त्यांना अंगावर येईपर्यंत कळली नाही. "कान दाखवून या," भाग्यक्का म्हणाली.

"कानाला काय धाड भरलीय? तुझं सगळं ऐकू येतंय, तेच जास्त होतंय."

आणि मग उमाकांतची टॅक्सी आली. उमाकांत तसं जुनं गिऱ्हाईक, अण्णांच्या शब्दावर डोळे मिटून गाडी सोडणारा. अण्णा म्हणाले, उजवं. उजवं खोललं, नवं बेअरिंग घातलं, गाडी दिली. दोन दिवसांनी उमाकांत भर गल्लीत उभा राहून ओरडत होता, "अण्णा, बिमारी डाव्या पायाला आणि ऑपरेशन उजव्याला? एअरपोर्टच्या रस्त्यावर प्रवासी घाबरून उतरला!" अण्णांनी त्याचं डावं चाक मुकाट्यानं करून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ताट झाकून ठेवताना भाग्यक्काच्या लक्षात आलं. घराला एकच खिडकी उघडी असली की सगळा उजेड तिकडनंच येतो, तसं झालं होतं यांचं. एक कान मिटला होता. आता जगातला प्रत्येक आवाज यांना उजवीकडनंच येणार. चाक कुठलंही घुमो, हे उजवंच म्हणणार. आणि हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

त्यांना बसवून सांगावं असं तिनं कितीदा ठरवलं. पण या माणसाकडं शेती नाही, शिक्षण नाही, मोठं गॅरेज नाही; जे काही आहे ते डोळे मिटून "उजवं" किंवा "डावं" म्हणण्यात आहे. तेच काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, जेवा आता? तिला ते जमेना. मग तिनं दुसरा रस्ता काढला.

"मला फुलं आणायचीत. मार्केटपर्यंत येते," म्हणून ती प्रत्येक गाडीत मागं बसायला लागली. देव्हाऱ्यात फुलं मावेनाशी झाली. शेजारणी विचारायच्या, "भाग्यक्का, रोज एवढी फुलं? कसला नवस?" ती म्हणायची, "आहे एक."

महादेवपुऱ्याहून शलाका म्हणून एक बाई आली होती, पुण्याकडची, कंप्युटरच्या नोकरीतली. वडिलांची जुनी गाडी तिला मोडवत नव्हती.

"अ‍ॅक्च्युअली काका, दोन वर्कशॉपमध्ये दाखवली. एक म्हणाले टायर्स चेंज करा, दुसरे म्हणाले नवी गाडी घ्या."

"म्हणून तिसऱ्याकडं आलात. बसा, बसा. स्वल्प, जराशी पळवा बघू."

मागच्या सीटवर भाग्यक्काला डावं चाक स्पष्ट ऐकू आलं. अण्णा म्हणाले, "उजवं."

परत आल्यावर अण्णा हात धुऊन पाने आणायला आत गेले. गाडी उचलायचा जड, चाकांवर सरकणारा जॅक उजवीकडं उभा होता. भाग्यक्कानं साडीचा काठ सावरला आणि पायानं ढकलत ढकलत तो डाव्या चाकापाशी नेऊन ठेवला. अण्णांचे गुडघेही काही कोवळे नव्हते. जॅक जिथं असेल तिथनं सुरुवात करायची त्यांना हल्ली सवयच लागली होती. गाडी उचलली. चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. मग एका हातानं गरकन फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. चाकातली खरखर त्या स्प्रिंगमधनं बोटांत येते. कानाला कळो न कळो, बोटांना कळते.

"हां," अण्णा म्हणाले. "हेच."

"पण काका, तुम्ही तर राइट म्हणाला होतात ना?"

अण्णांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "पुढं उभं राहून बघा. उजवंच की."

शलाकाबाई गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून हिशेब केला आणि "ओह, राइट," म्हणाली. भाग्यक्का तोंडाला पदर लावून आत पळाली. आत जाऊन ती आधी हसली आणि मग जरा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

अण्णांची बोटं खोटं बोलत नव्हती. ती बोटं बरोबर चाकाशी पोचवायची, एवढंच काम तिनं अंगावर घेतलं होतं. गाड्या बऱ्या होऊन जात होत्या आणि अण्णांचं नाव टिकून होतं. अण्णांना वाटत होतं, उमाकांतच्या वेळी काय चुकलं असेल ते असेल, पण कान आपला अजून शाबूत आहे.

मग शंभूची जायची वेळ आली.

शंभूराज हा त्यांचा एकुलता एक. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता. गाडीखाली झोपायला त्यानं लहानपणीच नकार दिला होता आणि त्यावरनं बाप-लेकात मोठं युद्ध होऊन गेलं होतं. नंतर समेट झाला तरी ते दोघं जरा जपूनच बोलायचे, नुकतंच प्लॅस्टर काढलेल्या हातासारखं. आता कारखान्यानं त्याचं खातंच मंगळुरूला हलवलं. शंभू, सून स्मृती आणि नात रक्षिता, सगळेच जाणार. तिकडंच शाळा, तिकडंच घर. सणाला येऊ म्हणाले. सणाला येऊ म्हणणारे किती येतात ते भाग्यक्कानं गल्लीत बघितलं होतं.

अण्णांनी एकच केलं. घरची जुनी पांढरी गाडी, जिच्यातनं शंभूला शाळेत सोडलं होतं ती, त्याच्या नावावर करून दिली. "माझ्या हातची गाडी आहे," ते म्हणाले. "घाटात दगा देणार नाही."

"पुढनं थोडी घुमतेय, अप्पा. कंपनीच्या वर्कशॉपला एकदा नेऊन आणतो."

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. नुसतं बघितलं. शंभू खाली मान घालून म्हणाला, "नाही, तुम्हीच बघा. तुम्ही बघितलं म्हणजे झालं."

एवढ्या वर्षांत पोरानं पहिल्यांदा बापाच्या हातावर आपणहून काहीतरी टाकलं होतं. अण्णांच्या चालीत त्या दिवशी फरक पडला. ते शिट्टी वाजवत होते.

आणि नेमकी त्याच दिवशी भाग्यक्का कढईसमोर अडकली. बरोबर द्यायच्या चकल्या तेलात होत्या, स्मृती भांडी कागदात गुंडाळत होती, चटणीपूड भाजायची राहिली होती. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती झारा हातात घेऊनच दाराकडं धावली. बाप-लेक गेले होते.

"अत्ते, चकली करपतेय!" आतनं स्मृती ओरडली.

ते परत आल्यावरही तिला लगेच उठता आलं नाही. बाहेर आली तेव्हा जॅक उजवीकडं होता, उजवं चाक निघालेलं होतं आणि अण्णांच्या हातात जुनं बेअरिंग होतं. "बघ, कसं खडबडतंय," ते शंभूला दाखवत होते. खडबडणारच. तेवढ्या जुन्या गाडीचं कुठलंही बेअरिंग काढा, ते खडबडणारच. नवं बसवलं, एक फेरी मारली. संध्याकाळची मार्केटची गर्दी, गाडी पळणार कुठं?

"स्वल्प आवाज आहे अजून," शंभू म्हणाला.

"तो टायरचा. घासलेत ना."

"मी येऊ का एकदा?" भाग्यक्का म्हणाली. "फुलंही आणायचीत."

"घरात फुलांचा बाजार झालाय," अण्णा म्हणाले. "काम झालंय. तू चकल्या बघ."

या घराची एक रीत आहे. लांबच्या प्रवासाला निघायचं तर गाडी आधी भवानीच्या देवळात न्यायची, घरातल्या सगळ्यांनी तिच्यात बसून जायचं, पूजा करायची, चारही चाकांखाली लिंबं ठेवून त्यांवरनं गाडी काढायची. मग घरी येऊन सामान भरायचं आणि राहुकाळ लागायच्या आत निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघाले. अण्णा पुढं, शंभूच्या शेजारी. मागं स्मृती, मांडीवर रक्षिता, आणि डाव्या खिडकीशी भाग्यक्का.

रस्ता मोकळा होता. फ्लायओव्हर चढल्यावर शंभूनं गाडी सोडली, आणि ते मधमाश्यांचं पोळं जागं झालं.

भाग्यक्कानं डोळे मिटले. टायर असू दे, ती मनात म्हणाली, आई भवानी, टायरच असू दे. फ्लायओव्हर उतरून गाडी सिमेंटच्या नव्या रस्त्यावर आली. आवाज बदलला नाही. पुढं रस्ता डावीकडं वळला तसा आवाज दबला. मग उजवीकडं लांब वळण आलं आणि तिच्या पायाखालनं, डाव्या पुढच्या चाकातनं, ते असं ओरडलं की तिला वाटलं आता सगळ्यांना ऐकू येईल. स्मृती रक्षिताच्या केसांत फूल खोवत होती. शंभू काहीतरी सांगत होता. अण्णा डोळे मिटून, समाधानानं मान हलवत होते.

देवळात पुजाऱ्यानं हार घातला, लिंबं ठेवली. लिंबं चिरडल्याचा चर्रर आवाज झाला. अण्णांनी हात जोडले. भाग्यक्कानं शंभूला बाजूला ओढलं.

"शंभू, ऐक. वाटेत हासनला कुणाला तरी गाडी दाखवून घे. पुढचं डावं चाक."

"आई, अप्पांनी केलंय ना?"

"केलंय. तरी दाखव. त्यांना सांगू नको."

शंभू हसला. "तू पण ना. अप्पांच्या कामात तू चूक काढायला लागलीस कधीपासनं?" आईचा जीव लागत नाहीये म्हणून ती असं काहीतरी म्हणतेय, असंच त्याला वाटलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुजाऱ्याला नमस्कार करायला गेला.

घरी आल्यावर डिकी भरायला सुरुवात झाली. भाग्यक्कानं शेवटचं हत्यार काढलं. पत्र्याखालचा जॅक तिनं पायानं ढकलत डाव्या चाकापाशी आणला.

"अगं, अंगात आलंय काय तुझ्या?" अण्णा म्हणाले. "जॅक आत ठेव. पोरं निघालीत."

"एकदा बघा ना हे चाक. सहज."

"सहज चाकं कुणी काढतं काय?"

डिकीचं झाकण लावता लावता शंभू हसत म्हणाला, "अप्पा, आईला तुमच्यावर भरवसा नाही हो. मला म्हणत होती, हासनला कुणाला तरी दाखवून घे."

त्यानं गमतीनं म्हटलं होतं. पण अण्णांचा चेहरा उतरला. गल्लीतला कुणी बोलला असता तर त्यांनी त्याला सोडला नसता. हे घरातनं आलं होतं, आणि पोरासमोर.

"असं म्हणालीस?"

भाग्यक्कानं शंभूकडं बघितलं, मग खिडकीतनं हात बाहेर काढून बसलेल्या रक्षिताकडं बघितलं. ही गाडी आता घाटात जाणार होती. एकामागनं एक उजवी वळणं, डावी वळणं, खाली दरी. नवऱ्याचं नाव सांभाळायला तिनं दोन वर्षं जॅक ढकलला होता. आता जॅक ढकलून भागणार नव्हतं.

"म्हणाले," ती म्हणाली.

"तो टायरचा आवाज आहे. सांगितलं ना मी?"

"सिमेंटच्या रस्त्यावर बदलला नाही."

अण्णांनी मान झटकली.

"डाव्या वळणावर दबला. उजव्यावर वाढला. तुम्हीच शिकवलंय मला. डावं चाक आहे ते."

"मला उजवीकडनं आला आवाज. माझ्या कानानं ऐकलाय मी, भागी."

ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. ती फिरून त्यांच्या उजवीकडं आली, निदान हे तरी त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

"तुम्हाला सगळं उजवीकडनंच येतंय," ती म्हणाली. "डावा कान गेलाय तुमचा. कधीचाच गेलाय."

स्मृतीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. शंभू म्हणाला, "आई, काय बोलतेस?" अण्णा कुणाकडंच बघत नव्हते, जॅककडं बघत होते. रक्षिता त्यांच्या डावीकडच्या खिडकीत होती. ती "अज्जा" म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "अज्जा, आपण जायचं ना?" अण्णांनी मान वळवली नाही. शंभूनं ते बघितलं. आपल्या बापाकडं बघायला एवढं धैर्य लागेल असं त्याला कधी वाटलं नसेल.

"सामान उतरव," अण्णा म्हणाले. "गाडी वर घ्यायचीय."

त्यांनी लुंगी खोचली, चाक वर घेतलं, फिरवलं आणि स्प्रिंगवर हात ठेवला. हात तिथंच राहिला. चाक फिरून फिरून थांबलं तरी त्यांनी तो काढला नाही. मग पाना मागितला.

बेअरिंग हबमधनं दाबून काढायला पलीकडच्या गल्लीत प्रेसवर न्यावं लागतं. शंभू म्हणाला, मी नेतो. अण्णा म्हणाले, "नको," आणि स्वतः घेऊन गेले, रस्ता ओलांडताना दोनदा डावीकडं बघत. निघालं ते बेअरिंग आतनं जळून काळंनिळं झालं होतं, एक गोळी फुटली होती. अण्णांनी ते शंभूच्या तळहातावर ठेवलं.

"घाटात गेलं असतं," ते म्हणाले.

शंभू म्हणाला, "जाऊ दे अप्पा, होतं असं." अण्णा म्हणाले, "नाही. होत नाही."

राहुकाळ कधीच लागून गेला होता. कुणी त्याचं नाव काढलं नाही. नवं बेअरिंग बसलं, चाक चढलं. अण्णांनी किल्ली शंभूला दिली आणि म्हणाले, "फेरी मारून ये. आईला बसव."

ते स्वतः बसले नाहीत. भाग्यक्का पुढं बसली, त्यांच्या जागेवर. तिला त्या जागेवर कसंतरीच झालं. गाडी फ्लायओव्हरवर चढली, पळाली, वळली. काही ऐकू आलं नाही. पोळं उठून गेलं होतं. शंभू गाडी चालवत होता आणि डोळे पुसत होता, आणि आई बघतेय हे कळल्यावर म्हणाला, "धूळ फार आहे." ती म्हणाली, "आहेच."

"गेला आवाज," परत आल्यावर तिनं अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, गिऱ्हाईक हलवतं तशी.

मग पोरं निघाली. शंभू बापाच्या पाया पडला आणि उठताना त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलला. कालपर्यंत तो कुठूनही बोलायचा. अण्णांना ते लागलं, भाग्यक्काला दिसलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि गेली. एकुलतं एक पोरगं घर सोडून गेलं, नातीचा फ्रॉक दोरीवरच राहिला होता, पण त्याचं दुःख करायला त्या दिवशी घरात जागाच उरली नव्हती.

दिवेलागणीला अण्णा पायरीवर बसले होते. भाग्यक्का कॉफी घेऊन आली.

"जॅक तू सरकवायचीस," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो."

"त्या पुण्याच्या बाईची गाडी?"

"हो."

"योगीराजची जीप?"

"हो."

"बसवनगुडीच्या मास्तरांची? ती तर मी बसल्या बसल्या ओळखली होती."

भाग्यक्कानं कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला. "घ्या. निवते."

ते एकेक गाडी आठवत होते. सगळ्यांची नावं, गाडीचा रंग, कुठनं आली, सगळं त्यांना पाठ होतं. एकेक पुढं ठेवायचे आणि भाग्यक्का "हो" म्हणायची. शेवटी म्हणाले, "शिवलीलाची शाळेची व्हॅन? पोरांनी भरलेली होती ती."

ती व्हॅन डावीकडनं ओरडत होती. जॅक सरकवताना भाग्यक्काचा अंगठा चेंगरला होता.

"ती तुम्हीच ओळखलीत," ती म्हणाली.

"तू होतीस ना मागं?"

"होते. पण मला झोप लागली होती."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. गाडीत भाग्यक्काला झोप लागत नाही. तिरुपतीला जाऊन आली तेव्हाही सगळ्या रस्त्यात डोळा लागला नव्हता. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"सरी, बरं," ते म्हणाले आणि कॉफी प्यायले.

दुसऱ्या दिवशी शंभूचा फोन आला. पोचलो, गाडीनं हूं की चूं केलं नाही, घाटात तर लोण्यासारखी चालली. अण्णा "सरी, सरी," म्हणाले आणि फोन तिच्याकडं दिला.

त्याच आठवड्यात उमाकांत आला. टॅक्सी पुन्हा घुमत होती. अण्णा बाहेर आले, गाडीच्या पुढं उभे राहिले आणि म्हणाले, "दुसरीकडं दाखव, उमाकांत."

"काय अण्णा, त्या वेळचा राग अजून? बसा, एक फेरी मारू."

"राग नाही. मला ऐकू येत नाही."

असं सरळ, भर गल्लीत, कन्नडमध्ये. उमाकांतनं किल्ली फिरवली. तो हळू गाडी वळवून गेला. त्या दिवशी कुठल्या बसवाल्यानंही शिवी दिली नाही, रस्ता मोकळाच होता.

"मी येते ना बरोबर," भाग्यक्का म्हणाली. "मी ऐकते, तुम्ही हात लावा. आधी चालत होतं तसंच."

"आधी मला ठाऊक नव्हतं," अण्णा म्हणाले. "आता तू सांगणार आणि लोक म्हणणार, अण्णांचा कान बघा. ते मला कसं गिळेल?"

"मग लोकांना सांगू. अक्का ऐकते, अण्णा करतात."

ते हसले. वाईट हसले नाहीत, मायेनंच हसले, पण तिला कळलं की हे होणार नाही. त्यांनी पाने पुसून पेटीत ठेवले, जॅकवर जुनी चादर टाकली आणि पायरीवर येऊन बसले, रस्त्यावरच्या गाड्यांकडं तोंड करून. गाड्या जात होत्या. त्यातली एक घुमत गेली. पुढचं उजवं. भाग्यक्कानं अण्णांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ थोडे हलले.

पोराला वाचवलं होतं तिनं, नातीला वाचवलं होतं. पुन्हा तशीच वेळ आली असती तर तिनं पुन्हा तेच केलं असतं. पण मनाला हे सांगून उपयोग नव्हता. ती उठली, फिरून गेली आणि अण्णांच्या डाव्या बाजूला बसली. तिकडनं त्यांना ऐकू येत नाही. मग ती मनसोक्त रडली.